परड्यातली फळझाडं: खानापूर ते अथणी, नव्यानं लावणाऱ्यांसाठी

मे महिना संपत आला की बेळगावात बाजाराच्या कडेनं, हायवेच्या सर्व्हिस रोडवर रोपांचे टेम्पो उभे राहतात. नवीन घर बांधलेली माणसं तिथनं एका दमात दहा-बारा रोपं उचलतात, आपूस, चिक्कू, डाळिंब, सफरचंद, अवाकाडो, जे दिसेल ते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातली दोन-तीनच उरतात. बऱ्याचदा रोपात खोट नसतेच, ते झाड आपल्या गावच्या पावसाचं आणि मातीचं नसतं. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बेळगाव शहरात साधारण १२०० ते १३००, आणि तिकडं अथणीत जेमतेम ५००-६००. सगळं एकाच जिल्ह्यात, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरात. त्यामुळं यूट्यूबवर नाशिकचा किंवा रत्नागिरीचा माणूस सांगतो ते आपल्याकडं जसंच्या तसं चालत नाही, इतकंच काय खानापूरच्या मामाचा सल्ला अथणीच्या भाच्याला चालत नाही. आधी आपलं गाव कुठल्या पट्ट्यात येतं ते ठरवा, मग झाड ठरवा. खाली जे लिहिलंय ते त्याच हिशोबानं लिहिलंय.

१. जागा आणि पाण्याचा निचरा

तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधल्यावर मागं-पुढं मिळून जी पट्टी उरते तिच्यात चार झाडं नीट येतात, दहा नाही. एक गुंठा मोकळी जागा असेल, म्हणजे १०८९ चौरस फूट, तर छाटणी करून आठ-दहा बसतात. भिंतीपासून आणि सेप्टिक टँकपासून आंबा, फणस, जांभूळ निदान १५ फूट लांब पाहिजे, पेरू-लिंबाला सहा-सात फूट पुरतात. वर लाईटची तार आहे का बघा. दिवसातनं सहा तास ऊन मिळत नाही अशा बोळवजा जागेत फळझाड लावून काही मिळणार नाही, तिथं कढीपत्ता किंवा अळू लावा.

आता निचऱ्याची टेस्ट, ही कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त झाडं ह्याच्यामुळंच मरतात. जिथं झाड लावायचंय तिथं दीड-दोन फूट खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते पाणी जिरू द्या, मग संध्याकाळी परत काठोकाठ भरा आणि सकाळी बघा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत पूर्ण गेलं असेल तर उत्तम. थोडं उरलं असेल तर दीड फूट उंच उंचवटा करून त्याच्यावर झाड लावायचं. निम्म्याच्या वर पाणी तसंच असेल तर तिथं पपई, लिंबू, अवाकाडो ह्यांचा विचार सोडून द्या, नारळ किंवा जांभूळ लावा. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या बाजूला, भाताच्या जमिनीवर ज्यांनी घरं बांधलीत त्यांनी तर ही टेस्ट केल्याशिवाय एक रोपसुद्धा विकत घेऊ नये. उन्हाळ्यात ती जमीन भेगाळलेली कोरडी दिसते, पण जुलैत त्याच जागी घोट्याएवढं पाणी असतं.

मातीचं म्हणाल तर ढोबळमानानं खानापूर, जांबोटी, बेळगावचा पश्चिम भाग इकडं तांबडी जांभ्याची माती, पाणी पटकन खाली जातं, माती आंबट म्हणजे पीएच कमी, आणि वाळवी भरपूर. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणीकडं काळी माती, कस चांगला पण पाणी धरून ठेवते आणि बऱ्याच ठिकाणी खाली चुनखडी असते. चुनखडीच्या जमिनीत लिंबाची, पेरूची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याला झाड उपाशी आहे समजून युरिया टाकत बसतात लोक, पण ती लोहाची कमतरता असते आणि युरियानं ती जात नाही. खणल्यावर पांढरे खडे दिसले तर दोन थेंब लिंबू पिळून बघा, फेस आला तर चुना आहे. माती तपासायची असेल तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा, नमुना कसा घ्यायचा ते सांगतात.

२. कुठल्या पट्ट्यात काय लावायचं

खानापूर, जांबोटी, कणकुंबी, बेळगावचा पश्चिम भाग: फणस, काजू, कोकम, जांभूळ, करवंद, आंब्याच्या निवडक जाती, केळी, नारळ, आणि चढाची जमीन असेल तर अवाकाडो. डाळिंब इथं लावू नका. पावसाळी दमट हवेत तेल्या म्हणजे जिवाणूचा करपा येतो आणि फळं काळी डाग पडून तडकतात. घरच्या दोन झाडांसाठी तुम्ही आठवड्याला फवारणी करणार नाही आणि करूही नये. काजू घ्यायचा तर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या जाती, वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७. फणसात कापा (कडक गऱ्यांचा) आणि बरका (मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा) हा फरक बीपासून लावलेल्या झाडात राखता येत नाही, कापाच पाहिजे असेल तर कलमच घ्या. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बी लावून सात वर्षं सांभाळलं आणि नर निघालं तर करता काय, त्यामुळं तिथंपण कलमच.

बेळगाव शहर, हुक्केरी, संकेश्वर, बैलहोंगल हा मधला पट्टा: हा सगळ्यात सोयीचा. आंबा, पेरू, चिक्कू, लिंबू, सीताफळ, रामफळ, आवळा, पपई, तुती सगळं येतं, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची असल्यानं शहरात थंडीपण बरी पडते.

चिकोडी-निपाणीची काळी जमीन: पेरू, चिक्कू, नारळ, केळी, आवळा चांगलं. उसाच्या पट्ट्यात पाण्याला कमी नसते, उलट जास्त पाणी देऊन झाड मारणारेच जास्त. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्तीकडची कमी पावसाची माळरानं: बोर, सीताफळ, आवळा, डाळिंब, शेवगा, ठिबकवर पेरू आणि लिंबू. द्राक्षं अथणीकडं होतात हे बघून घराच्या मांडवावर वेल चढवायची हौस होते, पण द्राक्षाला वर्षातनं दोन छाटण्या आणि इतकी औषधं लागतात की नव्या माणसानं त्याच्यापासनं सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आंब्याबद्दल थोडं जास्त बोलायला पाहिजे कारण प्रत्येकाला आपूसच पाहिजे असतो. आपूस आपल्याकडं येतो, धारवाडचा आपूस तर नावाजलेलाच आहे, पण तो एक वर्ष आड धरतो, आणि बेळगावात जानेवारी-फेब्रुवारीत धुकं पडलं की मोहोर काळा पडून गळतो. जागा एकाच झाडाची असेल तर मल्लिका किंवा केसर लावा असं मी प्रत्येकाला सांगतो. मल्लिका ही नीलम आणि दशहरीचा संकर, दरवर्षी बऱ्यापैकी धरते, फळ मोठं, फक्त झाडावरनं काढल्यावर पूर्ण पिकेपर्यंत धीर धरा, अर्धवट पिकलेली खाल्ली तर आवडणार नाही. जागा फारच कमी असेल तर आम्रपाली, झाड ठेंगणं राहतं. आपूसच्या चवीच्या जवळचं पाहिजे तर रत्ना, कोकण कृषी विद्यापीठाची, नीलम आणि हापूसचा संकर, हिच्यात साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं, होत नाही.

पेरूत सरदार, ज्याला लखनौ-४९ म्हणतात, ही जात पुण्याच्या गणेशखिंडच्या बागेत १९२७ साली निवडलेली, अजूनही घरासाठी हिच्यापेक्षा भरवशाची मला माहीत नाही. धारवाडजवळच्या नवलूरचे पेरू खाऊन मोठी झालेली माणसं जवारी म्हणजे गावठी पेरूच पाहिजे म्हणतात, तोपण लावा, काही हरकत नाही. चिक्कूत कालीपत्ती आणि धारवाड कृषी विद्यापीठाच्या डीएचएस-१, डीएचएस-२, दोन्ही आपल्याच हवेत तयार झालेल्या. आवळा एकटा लावू नका, एनए-७ ह्या जातीबरोबर दुसऱ्या जातीचं एक झाड जवळपास असेल तरच भरपूर धरतो, शेजाऱ्याशी बोलून घ्या, त्यानं कृष्णा किंवा कांचन लावला तरी चालतं.

३. बेरीवर्गातली फळं

ब्लूबेरीची रोपं ऑनलाईन विकत घेऊ नका. तिला ४.५ ते ५.५ पीएचची आंबट माती सतत लागते, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, वर्षभरात पानं पिवळी पडून संपते. त्यापेक्षा आपल्याकडं ज्या आहेत त्या लावा, त्या काही कमी नाहीत.

तुती सगळ्यात सोपी. ज्या झाडाला भरपूर फळं लागलेली तुम्ही डोळ्यानं बघितलीत त्याच झाडाची काडी मागून आणा, कारण तुतीत काही झाडं नुसती नर असतात, त्यांना फळ येत नाही. पेन्सिलीएवढी जाड, आठ-नऊ इंच लांब, तीन-चार डोळे असलेली काडी, डोळे वरच्या दिशेला तोंड करून दोनतृतीयांश मातीत खुपसायची, जूनच्या पावसात महिन्याभरात फुटते. तुतीचं फळ नवीन फुटव्यावर येतं, त्यामुळं फांद्या छाटल्या, पानं काढून टाकली आणि पाणी दिलं की परत फुटवा आणि फळ येतं, वर्षातनं दोन-तीनदा हे करता येतं. झाड सहा फुटांच्या वर जाऊ देऊ नका, पोरांच्या हाताला फळ लागलं पाहिजे.

करवंद कंपाऊंडला लावा. मे महिन्यात खानापूर, जांबोटीकडनं करवंदं बाजारात येतात, त्यातली पूर्ण पिकलेली काळी, गोड निघालेली बाजूला काढा, बी धुऊन सावलीत एक दिवस ठेवून लगेच पेरा. बी ठेवून दिलं की उगवण जाते, पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर एकपण उगवत नाही. चार-पाच फुटांवर एक लावली की तीन-चार वर्षांत असं काटेरी कुंपण होतं की गाय-म्हैस आत शिरत नाही, आणि वर लोणच्याची आणि खायची करवंदं.

टिपारी, ज्याला रसभरी म्हणतात, ती तर भाजीसारखी लावायची, जून-जुलैत बी टाका, थंडीत फळं खा. स्ट्रॉबेरी कुंडीत किंवा ग्रो बॅगेत बेळगावात चांगली येते, पण रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरलाच लावायची. महाबळेश्वर, वाईकडनं रनरची (जुन्या झाडाच्या धावत्या फांदीवर तयार झालेली) रोपं तेव्हाच येतात, त्यांचा कोंब मातीच्या बरोबरीनं राहिला पाहिजे, खाली गेला तर कुजतो आणि वर राहिला तर सुकतो. डिसेंबरपासनं मार्चपर्यंत फळं येतात, एप्रिलच्या उन्हात झाडं मान टाकतात, ते धरूनच चाला.

४. रोप विकत घेताना

हॉर्टिकल्चर खात्याच्या म्हणजे तोटगारिकेच्या नर्सऱ्या, गोकाकजवळचं अरभावीचं हॉर्टिकल्चर कॉलेज, धारवाडचं कृषी विद्यापीठ, ही ठिकाणं आधी बघा. दर कमी असतात आणि जात सांगितलेली तीच असते. टेम्पोवाल्याकडनं घेतलंच तर कलम आहे की नुसतं बीचं रोप ते बघायला शिका. खालनं सात-आठ इंचावर जोड दिसला पाहिजे, तिथं खोड जरा फुगीर किंवा वाकडं असतं, खालच्या आणि वरच्या सालीचा रंग थोडा वेगळा असतो. सरळसोट खोड असेल आणि जोड कुठंच नसेल तर ते कलम नाही, विकणारा काही म्हणू दे. पिशवीच्या तळातनं जाड मूळ बाहेर येऊन गुंडाळलेलं असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलंय, सोडून द्या. पाच फुटी रोपाला भुलू नका, दोन-अडीच फुटी, हिरव्या जून पानांचं, एक-दीड वर्षाचं कलम लवकर लागतं.

५. खड्डा आणि लावणी

खड्डा एप्रिल-मेमध्ये काढा, दोन बाय दोन बाय दोन फूट, आंबा-फणसाला जमलं तर तीन. वरची एक फूट माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा आणि खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात तापू दे. भरताना वरची माती, दोन-तीन बुट्ट्या पूर्ण कुजलेलं शेणखत, एक किलो निंबोळी पेंड, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करून भरा. शेणखत पूर्ण कुजलेलंच पाहिजे, ओल्या शेणात हुमणीची अंडी-अळ्या येतात आणि त्या कोवळ्या मुळ्या खातात, तांबड्या मातीत वाळवीपण अर्धकच्च्या खतावर येते. साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिळत असेल तर तो चांगला, पण आणल्या आणल्या टाकायचा नाही, आत गरमी असते, दोन-तीन महिने ढीग करून पाणी मारून थंड झाल्यावर वापरा. खड्डा जमिनीच्या वर अर्धा फूट येईल असा भरा, पावसानं माती बसते.

लावणी कधी? मधल्या पट्ट्यात मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की. खानापूर-कणकुंबीकडं एकतर अगदी सुरुवातीला, नाहीतर सरळ गणपतीच्या आसपास पाऊस ओसरल्यावर, कारण जुलैच्या संततधारेत नवीन मूळ कुजतं. अथणीकडं ऑगस्टमध्ये, तिकडं सप्टेंबरचा पाऊस खात्रीचा आहे, तो झाडाला मिळतो.

संध्याकाळी लावा. पिशवी ब्लेडनं उभी कापून काढा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका, गोल फिरलेली मुळं दिसली तर हातानं सोडवा नाहीतर कापा. कलमाचा जोड मातीच्या वर चार-पाच बोटं तरी राहिला पाहिजे, जोड मातीत गेला की वरच्या भागाला मुळं फुटतात किंवा तो कुजतो. आणि एक गोष्ट, जोडावर नर्सरीवाल्यानं प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली असते, ती बहुतेक घरांत तशीच राहून जाते. झाड जाड होत जातं, पट्टी सालीत रुतत जाते, दोन वर्षांनी तिथं खाच पडलेली दिसते आणि एखाद्या जुलैच्या वाऱ्यात झाड बरोबर तिथंच मोडतं. नवीन फुटवा येऊन पानं जून झाली की ती पट्टी ब्लेडनं उभी चिरून अलगद काढून टाका. बेळगावात पावसाळ्यात पश्चिमेचा वारा काय असतो ते आपल्याला माहीतच आहे, म्हणून पश्चिम बाजूला काठी रोवा आणि जुन्या सुती साडीच्या पट्टीनं सैल बांधा, तारेनं किंवा सुतळीनं आवळून नाही.

६. पहिली दोन-तीन वर्षं

पाणी बुंध्याला ओतू नका. झाडाच्या पानांची सावली दुपारी जिथं पडते त्या कडेनं गोल आळं करा, आणि झाड वाढेल तसं आळं मोठं करत न्या. पहिल्या उन्हाळ्यात तांबड्या मातीत दर दोन-तीन दिवसांनी १०-१५ लिटर, काळ्या मातीत आठवड्यातनं एकदा, तेपण बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं तरच. बाहेरगावी नोकरीला असाल आणि आठवड्यानंच घरी येत असाल तर बुंध्यापासून दीड फुटावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घाला आणि भरून झाकण ठेवा. मोरीचं साबणाचं पाणी केळीला सोडा, तिला चालतं, लिंबाला आणि आंब्याला नको.

आच्छादन मात्र हयगय न करता घाला. बेळगाव-खानापूरकडं भाताचं पिंजर, चिकोडी-निपाणीकडं उसाचा पाला, जे फुकट मिळेल ते, चार-पाच इंच जाड, बुंध्यापासून एक वीत लांब ठेवून. हे एक काम केलं की उन्हाळ्यातलं पाणी जवळजवळ निम्मं लागतं आणि तण येत नाही. उसाचा पाला जाळणाऱ्या शेतकऱ्याला विचारलं तर ट्रॉलीभर आनंदानं देतो.

जोडाच्या खालनं जो फुटवा येईल तो दर महिन्याला खुडून टाका. चिक्कूचं कलम खिरणी नावाच्या दुसऱ्या झाडाच्या रोपावर केलेलं असतं, आणि खालनं खिरणी फुटली की ती इतकी जोरात वाढते की कलम तिच्या सावलीत मरतं, घरच्यांना वाटतं चिक्कू छान वाढलाय. पानं वेगळी दिसली की ओळखायचं. आंब्याचा शेंडा दोन-अडीच फुटावर कापा, मग तीन-चार फांद्या चहूबाजूनं ठेवा, त्या फांद्या परत दीड-दोन फूट झाल्या की त्यांचे शेंडे कापा, असं केलं की झाड बसकं होतं आणि शिडी न लावता आंबे काढता येतात. पहिली तीन वर्षं आंब्याचा मोहोर काढून टाकायचा. जिवावर येतं, पण त्या वयात झाडाला फळ पोसायला लावलं तर त्याची वाढ खुंटते ती खुंटतेच.

शेणखत पहिल्या वर्षी एक बुट्टी, मग दरवर्षी एकेक वाढवा, पावसाच्या सुरुवातीला, आळ्याच्या कडेनं.

७. फळ धरताना

पेरूला आपल्याकडं मुख्य दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, येतात. एप्रिल-मेच्या फुलांची फळं पावसाळ्यात पिकतात, ती बेचव, आणि प्रत्येकात फळमाशीची अळी. जून-जुलैच्या फुलांची फळं नोव्हेंबर ते जानेवारीत येतात, ती खरी खायची. म्हणून मे महिन्यात कोवळ्या फांद्या निम्म्या छाटा, पावसाळी फळं आपोआप कमी होतात आणि थंडीचा बहार जोरात येतो. फळमाशीचा रक्षक सापळा, मिथाईल युजेनॉलचा, फळ लिंबाएवढं झालं की टांगा, आणि खाली पडलेलं किडकं फळ झाडाखाली ठेवू नका, खोल पुरा नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात टाका.

सीताफळाला फुलं भरपूर आणि फळ एकही नाही ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. ह्या फुलात आधी मादीचा भाग तयार होतो आणि नंतर परागकण पडतात, एकाच फुलाचं एकाच वेळी जमत नाही, शिवाय हे काम करणारे बारीक भुंगे घराजवळ कमी असतात. सकाळी लवकर उठून पूर्ण उघडलेली, पाकळ्या सैल झालेली फुलं तोडून कागदावर झटका, पिवळट पावडर पडते, ती बारीक ब्रशानं अर्धवट उघडलेल्या फुलाच्या आत, पाकळ्या बोटांनी हलकेच फाकवून, मधल्या चिकट गोळ्यावर सगळीकडनं फिरवा. नीट फिरवलं नाही तर फळ वाकडंतिकडं होतं. पावसाची दमट हवा सुरू झाल्यावर, जूनमध्ये केलं तर जास्त लागतात, एप्रिलच्या कोरड्या हवेत फुलं गळतातच.

पपईला पाणी साचून दोन दिवस जरी राहिलं तरी मूळ सडतं, उंचवट्यावरच लावा. गावठी बी असेल तर एका जागी तीन रोपं लावा, फुलं आल्यावर मादी ठेवा, सगळ्या बागेत एक नर पुरतो, बाकी काढा. रेड लेडीसारख्या संकरित जातीत नराची भानगड नसते. पानं आखडून पिवळी चट्टेरी झाली तर तो व्हायरस, त्याला औषध नाही, झाड लगेच उपटा. काकडी-दोडक्याच्या मांडवाशेजारी पपई लावू नका.

केळीला मुनवे, म्हणजे बुंध्याशेजारी फुटणारी पिल्लं, सगळे ठेवू नका. अरुंद, तलवारीसारख्या पानांचा एक मुनवा पुढच्यासाठी ठेवायचा, रुंद पानांचे काढून टाकायचे. आपल्याकडची राजापुरी किंवा जवारी लावा.

८. कीड, रोग आणि वानर

लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं दिसलं तर नीट बघा, ती अळी असते. मोठी झाल्यावर हिरवी होते आणि एका आठवड्यात छोटं झाड बोडकं करते. हातानं वेचा, घरच्या झाडाला औषध लागत नाही. आंब्याच्या मोहोरावर पांढरी भुरी आली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तुडतुडे असतील तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडं साबण टाकून, पण मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारू नका, माशा-मधमाशा मरतात आणि मग फळ धरणार कोण.

बोर्डो, म्हणजे बुरशीच्या रोगांवर मारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, घरी करता येतं. मोरचूद १० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत, कळीचा चुना १० ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, गाळून, मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. निळसर आकाशी रंग येतो. त्यात घासलेला लोखंडी खिळा किंवा चाकू दोन मिनिटं बुडवा, तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, आणखी थोडं चुन्याचं पाणी घाला. त्याच दिवशी वापरा. पावसाच्या आधी खोडाला लावायची पेस्ट पाहिजे तर दोन्ही १०० ग्रॅम आणि पाणी एक लिटर, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशानं मारा. आंबा-फणसाच्या खोडातनं भुसा बाहेर येताना दिसला तर आत भिरूड आहे, तारेनं भोकात खुपसून अळी काढा आणि भोक मातीनं लिंपा.

खानापूरकडं वानरांपुढं काही चालत नाही हे खरंय. फणस पोत्यानं बांधतात, पेरूला कागदी पिशव्या घालतात, पण कळप आला की सगळं जातं. तिथं मी लिंबू, कोकम, करवंद जास्त लावा म्हणतो, आंबट असल्यानं वानर त्यांच्या फारसं मागं लागत नाहीत. रात्री वटवाघळं आणि उदमांजर चिक्कू-पेरू खातात, त्यांच्यासाठी जाळी घट्ट ताणून बांधा. सैल जाळीत पक्षी आणि साप अडकून मरतात.

९. काढणी आणि त्याच्यानंतर

आंबा देठासकट, एक इंच देठ ठेवून, कात्रीनं काढा, चीक सालीवर पडला की तिथं काळा डाग पडून कुजतो. फळाचे खांदे देठाच्या वर आले आणि एखादा पाड (झाडावरच पिकलेला आंबा) लागला की काढायला सुरुवात. काढलेले आंबे सावलीत पिंजरात एक थर, वर परत पिंजर, कार्बाईडचा विचारसुद्धा नको. चिक्कूला नखानं हलकं खरवडा, खाली हिरवं दिसलं तर अजून थांबा, पिवळट दिसलं तर काढा.

फळ संपल्यावर पंधरा दिवसांत, पाऊस जोरात लागायच्या आत, आंब्याची आतली दाटलेली, वाळलेली फांदी काढा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. उशिरा, ऑक्टोबरला वगैरे छाटलं तर येणारा मोहोरच छाटला जातो.

एखादं झाड आजारी वाटलं आणि कळत नसेल तर मोबाईलवरचा फोटो बऱ्याचदा पुरत नाही. आजारी फांदी, दोन-तीन पानं, आणि मुळाजवळची मूठभर माती प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन अरभावीला किंवा बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, मराठी कळणारं कोणीतरी तिथं भेटतंच. आणि सोबत एक कागद न्या, झाड कधी लावलं, पाणी किती आणि कधी देता, कुठलं खत-औषध मारलं ते लिहून, तिथं पहिला प्रश्न हाच विचारतात.